माझं पोट, माझाच धागा

५ जानेवारी
पित्ताशयात खडे. दुर्बिणीतून जमणार नाही, पोट उघडावं लागेल. राहुरीत तीस वर्षं मी लोकांची पोटं उघडतोय, आता माझी पाळी. पुण्याला जाणार नाही. स्वतःचं हॉस्पिटल असून पुण्याला गेलो तर पेशंट काय म्हणतील?

अडचण एकच. इथली दुसरी सर्जन म्हणजे आमची सूनबाई, डॉ. स्नेहल. सासऱ्यानं सुनेपुढे पोट उघडं टाकायचं? बायको म्हणाली, अहो, जन्मभर दुसऱ्यांच्या सुनांची पोटं उघडलीत, तेव्हा कुठं गेली होती ही लाज?  संयम ठेवला.

७ जानेवारी
स्नेहलला ठणकावून सांगितलं, पोटाचा आतला पडदा कॅटगटनंच शिवायचा. मेंढीच्या आतड्याचा धागा, पंधरवड्यात ढिला पडून विरघळायला लागतो. आत कचरा उरत नाही. तिचं म्हणणं, पडद्याला जोर धरायला महिने लागतात, तोवर धाग्यानं तग धरायला हवा. ती सहा महिन्यांत हळूहळू विरघळणारा धागा वापरते. आजकालच्या पोरांना कंपनीवाले घोळात घेतात. शेवटी 'बघते बाबा' म्हणाली. म्हणजे पटलं.

१० जानेवारी, संध्याकाळ
ऑपरेशन झालं. शुद्धीवर येताच विचारलं, नीट शिवलं ना? म्हणाली, एकदम पक्कं.
संकल्प: तीन महिने जड उचलायचं नाही.

१८ फेब्रुवारी
घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात गेलो. नुसतं बघायला. मित्र गोरक्षचा बोकड टेम्पोत चढेना. उचलून दिला. संकल्प मोडला नाही, कॅटगटची चाचणी घेतली. टाके जागेवर! गोरक्ष म्हणाला, लई घट्ट शिवलंय की तुमाला. म्हटलं, धागा मी निवडलाय. बायको बोलत नाहीये.

२ मार्च
डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोटाचा फोटो टाकला. खाली 'कॅटगट झिंदाबाद'. बरेच अंगठे आले. स्नेहलचा नाही. बिझी असते.
ठरवलं, हॉस्पिटलात यापुढे सगळ्यांना हाच धागा. स्नेहल काहीतरी सांगायला आली होती. म्हटलं, आभार नकोत.

९ मार्च
लंकाबाईंचं ऑपरेशन. आतड्याला पीळ. ऊसतोडीची बाई, डोक्यावर मोळ्या वाहायच्या. पोट टिकलं नाही तर कामच गेलं. पीळ मी सोडवला, स्नेहल मदतीला. शिवायला कॅटगट मागितला. स्नेहलनं हात आडवा घातला. म्हणाली, बाबा, यांना नको. म्हटलं, माझं पोट बघ!

ती हळू आवाजात म्हणाली, ते माझ्या धाग्यानं शिवलंय. टेबलावर तुम्हाला सांगितलं होतं, अर्धवट भुलीत तुम्ही 'उत्तम निर्णय' म्हणालात. सिस्टर छताकडे बघायला लागल्या.

आधी संताप आला. मग लाज वाटली, खरंच वाटली. समोर लंकाबाईंचं पोट उघडं होतं. स्नेहलचा धागा घेतला. शेवटपर्यंत मीच शिवलं असं लिहिणार होतो.  तिसऱ्या टाक्यानंतर सुई तिच्या हातात दिली.

बाहेर लंकाबाईंचा नवरा सहादू उभा. म्हणाला, डाक्टर, टाकं कुनी घातलं?
म्हटलं, सूनबाईंनी.
म्हणाला, मंग काळजी न्हाई.