फोनमधली ताई

मंगळवार, १० फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार सध्या जमणार नाही, तेव्हा नुसताच नमस्कार. का जमणार नाही ते ओघात येईलच.

आम्ही मजेत. ह्यांचं पंखेदुरुस्तीचं काम जोरात आहे, जेवायच्या टेबलावरही मोटारी उघडून बसतात. सासूबाईंचा गुडघा त्यांच्याइतकाच हट्टी. तुझं काय? जाहिरातींना आवाज देण्याचं काम चालू आहे, हे तर मला चांगलंच कळलं.

कसं, ते ऐक. गेल्या आठवड्यात भांडी घासताना फोन वाजला. हात ओले, म्हणून स्पीकर लावला, आणि तू बोललीस. "नमस्कार. आपल्याला आता पाचवा महिना लागला असेल." माझ्या हातातून कढई निसटली. "अगं ताई, तुला कुणी सांगितलं?" असं मी ओरडून विचारलं, तर तू आपली ऐकून न घेता पुढे सुरू! मग डोक्यात प्रकाश पडला की हे रेकॉर्डिंग आहे. दवाखान्यात नाव नोंदवलं की असे फोन येतात. आधीचे मी जाहिरातवाले समजून कापले होते.

होय ताई. पाचवा.

लोहाच्या गोळ्या मिळाल्या तेव्हा नर्सबाईंनी मान वर न करता सांगितलं, "रोज एक, जेवणानंतर." घेतली, तर दोन दिवसांत शौचाला काळं. मी हबकलेच. वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत, त्या म्हणाल्या, "अगं, अंगात उतरते ती गोळी. बाळही काळं होतं. मी एकसुद्धा घेतली नव्हती." शेजारी बसून, माझा हात हातात घेऊन बोलल्या गं, म्हणून पटलं. हे रोज चहाच्या बशीत गोळी ठेवून कौतुकानं आणून द्यायचे आणि त्यांची पाठ वळली की ती कुंडीत जायची. तपासणीत रक्त खूपच कमी भरलं. डॉक्टर रागावल्या, मी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी गोळी पुन्हा कुंडीत.

तू म्हणालीस, "शौचाचा रंग काळा होईल. घाबरू नका, तो गोळीतल्या लोहाचा रंग आहे. चहासोबत मात्र घेऊ नका, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घ्या." लहानपणी 'शौच' हा शब्द कुणी काढला तर ताटावरून उठणारी माझी ताई! हसू आलं आणि रडूही आलं. त्याच दुपारी गोळी घेतली, तेव्हापासून चुकवलेली नाही. बशीतला चहा बंद झाल्यामुळे हे जरा रुसलेत.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाहीये.

पुढे एक वाक्य होतं, "थोड्याच दिवसांत बाळाची हालचाल जाणवू लागेल." 'बाळाची' म्हणण्याआधी तू थांबलीस. किंचितच. रेकॉर्ड करणाऱ्यांना कळलंही नसेल, मला कळलं. तुझं गेलं तेव्हापासून हा शब्द मी तुझ्या तोंडून ऐकलाच नव्हता.

म्हणूनच माझी बातमी लपवली. आईलाही शपथ घातली. तुला जपतेय, असं स्वतःला समजावत होते. खरं म्हणजे ऐकल्यावर तुझा चेहरा कसा होईल, ते बघायची माझी छाती नव्हती. आणि तू तर परक्या बायकांसाठी ते वाक्य वाचून आलीस. माझ्यासाठी तुला ते पेललं नसतं, असं मी कशावरून ठरवलं?

फोन करणार होते. पण तू ठेवणीतल्या आवाजात अभिनंदन करशील आणि आत काय चाललंय याचा पत्ता लागू देणार नाहीस. म्हणून तूच ये. रडू आलं तर इथे रड, मीही रडेन, त्यात काय मोठंसं! मला तुझ्याशिवाय हे नीट जमत नाहीये.

आणि काल जेवताना आत काहीतरी हललं. ह्यांना सांगितलेलं नाही, सासूबाईंना नाही, आईलासुद्धा नाही. पहिल्यांदा तुला सांगतेय.

तुझी धाकटी,
आणि तुझं भाचरू