अपाचेच्या कपाळावरचं कुंकू

रविवार, १७ जुलै २०१६. रोटोटुना, न्यूझीलंड

सुधीरनं आज आमच्या कॉलेजमधल्या पिक्चरचा व्हिडिओ पाठवला. त्याची आई गेल्यावर कपाट आवरताना कॅसेट सापडली म्हणे. वीस मिनिटांचा वेस्टर्न! पुण्याबाहेरची बोडकी टेकडी म्हणजे ॲरिझोना, घोडी वरातीची, आणि सुधीर अपाचेंचा, म्हणजे रेड इंडियनांचा, म्होरक्या. डायरेक्टर अर्थातच मी. केवढा माज होता मला!

पहिल्या सीनमध्ये त्याच्या कपाळावर कुंकू आहे. पोरगा पहिल्यांदाच घोड्यावर बसणार म्हणून आईनं सकाळी ओवाळलं होतं. शॉट झाल्यावर माझ्या लक्षात आलं आणि मी सगळ्यांसमोर ओरडलो, "गाढवा, अपाचेला कुंकू?"

"आईनं लावलंय रे, राहू दे ना."

मी रुमालानं खसाखसा पुसलं. घोडीला संध्याकाळी वरात होती, त्यामुळे पहिला सीन परत घेता आलाच नाही. मग पुसायची तरी काय गरज होती?

सई हीटरपाशी बसून बघत होती. "बाबा, द रेड डॉट इज गॉन. व्हाय?"

"मिस्टेक झाली," म्हणालो. कुणाची, ते नाही सांगितलं.

पुन्हा पुन्हा तेच लावतोय. कुंकू आहे तोवर तो खरंच म्होरक्या दिसतो. पुढच्या सीनमध्ये नुसता सुधीर आहे, चोळून लाल झालेल्या कपाळाचा.