अक्षर अडतं तिथं

महांतेशा,

कवितेच्या शिकवणीत सरांनी अनुप्रास शिकवला. तेच अक्षर पुन्हा पुन्हा आलं की ओळीला नाद येतो, असं ते म्हणाले. घरी येऊन मी वही उघडली, तेव्हा तू आत अव्वाकडं जेवायला मागत होतास. "भ... भ... भाकरी." मी ते तसंच्या तसं लिहून घेतलं.

सरांना कविता फार आवडली. "हे सुचलं कुठून?" त्यांनी विचारलं.

"असंच," मी म्हणाले.

शिकवणीच्या कार्यक्रमात ती वाचली तेव्हा लोक हसले. हसतायत हे कळल्यावर पुढची ओळ मी मुद्दाम आणखी अडखळत वाचली. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तू मागं येऊन बसलायस हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर थांबले असते का, तेही सांगता येत नाही.

गाडीवरून परत येताना तू एवढंच म्हणालास, "अक्का, च... चांगली वाचलीस की."

महिन्याभरात तू कागलला तुझ्या कारखान्याजवळ खोली घेतलीस. आता फोन उचलत नाहीस, मेसेज करतोस. त्यात तुझं एकही अक्षर अडत नाही.

"त्याला घर नकोसं झालंय व्हय गं?" अव्वा विचारते.

"जायला-यायला लांब पडतं," मी सांगते.

हे वाचलंस तर तू नक्की फोन करशील आणि मला माफ करशील. पण 'माफ' म्हणताना तू 'म'वर अडशील, आणि मला त्यातही ठेकाच ऐकू येईल, याची भीती वाटते. म्हणून पत्र माझ्याजवळच ठेवतेय.

तुझी,
सौंदर्याअक्का