यादीतले चार नंबर

प्रिय दादा,

वहिनी रविवारी कायमची निघालीय, हे तू परवा बातम्या वाचाव्यात तसं सांगितलंस. त्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच, तुला माझी शपथ. फोनवर सांगितलं असतं तर तू अर्ध्यातच ठेवला असतास.

जिना चढवेना म्हणून बाबांना तळघरातली खोली दिली, तेव्हा तिथं रेंजच्या नावानं शून्य होतं. मी काय तोऱ्यात शिकवलं होतं तुम्हाला! मोबाइलच्या रेंजसाठी अख्ख्या वस्तीला उंच टॉवर, बाजारातल्या गर्दीला खांबावरची पेटी, दवाखान्याच्या इमारतीत त्याहून लहान, आणि एका घरापुरता सगळ्यांत धाकटा डबा. म्हणजे आपल्या छोटीसारखा, लहान पण आवाज मोठा, असं बाबा म्हणाले आणि आपण किती हसलो. तो डबा मी त्यांच्या पलंगामागे बसवला. शेजाऱ्यांनी फुकट वापरू नये म्हणून त्यात घरच्या नंबरांची यादी भरली. यादीबाहेरच्या फोनला तो दारातही उभं करत नाही.

बाबा पडले त्या दुपारी त्यांचा फोनही फुटला. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन वहिनी तुला फोन लावत होती. तू पोचलास तेव्हा सगळं संपलं होतं. लागतच नव्हता, असं ती रडून सांगत राहिली. तुझं एकच, माझा फोन तिथं खणखणीत चालतो, आणि हिचा अँब्युलन्सला बरा लागला! दोन महिने तू तिच्याशी शब्द बोलला नाहीस. बाबांचा शेवटचा शब्द हुकला, ते दुःख मलाही आहे रे. पण तिचा चेहरा बघवत नाही.

गेल्या आठवड्यात डबा काढताना मी यादी उघडली. चार नंबर आहेत. बाबांचा, तुझा, माझा आणि वहिनीचा जुना. बाबा पडण्याच्या चारच दिवस आधी तिनं नंबर बदलला होता, मला कळवलाही होता. लगेच टाकते, असं उत्तर पाठवून मी विसरले. संकटकाळचा नंबर लावला तर डबा कुणालाच नाकारत नाही, म्हणून अँब्युलन्स आली. तिच्या नव्या नंबराला मात्र त्यानं अकरा वेळा हाकललं, तशी नोंद आहे. आठ दिवस मी भित्र्यासारखी गप्प बसले. ती खरं बोलत होती, दादा. माझ्याशी जन्मभर बोलू नकोस, पण आत्ता ऊठ आणि तिच्याशी बोल.

तुझीच, चुकलेली
छोटी