घरी कोण कोण?

तीर्थरूप आई, इथूनच वाकून नमस्कार.

मी बरा आहे, जेवणाची आबाळ नाही. तू म्हणायचीस ना, माणसांत मिसळ? मिसळलो. लॉन्ड्रीत काम करणारे आम्ही पाचजण रविवारी दुपारी एक खेळ खेळतो. इस्त्रीवाल्या बाई गोष्ट सांगतात. आपण गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं आणि फासा पडेल तसं निभावायचं.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. आपल्या माणसाची माहिती कागदावर लिहायची होती. 'घरी कोण?' यापुढे सगळ्यांनी 'कुणी नाही' लिहिलं. मी मात्र आई, बाबा, ताई असं भरून टाकलं. बाई म्हणाल्या, "अरे, नवीन आहेस तू. मागे कुणी नसलं की माणूस गोष्टीतल्या धोक्याच्या गुहेत बिनघोर शिरतो."

आणि खरंच, माझा माणूस गुहेच्या तोंडाशीच अडला. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. "मग तो घरी कधी जाणार?" त्यांनी विचारलं. फासा माझ्या मुठीतच राहिला.

तुझं पत्र आलं की त्या रविवारी उत्तर द्यायचंय. बाबांच्या पायाची सूज उतरली का? गेल्या दोन पत्रांत तू त्यांच्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. या वेळी खरं काय ते लिही. त्यावरच माझं उत्तर ठरेल.

तुझा,
धाकटा