वळकटीचा दोर

तीर्थरूप शेरमात दादांना धाकट्या बुरुलचा नमस्कार. मेंढ्या सुखरूप खाली उतरल्या ना? लंगडी घोडी आता टेकवते का पाय? आणि वहिनी, तुम्ही, सगळे बरे आहात ना? (आधी जनावरं, मग माणसं, ही आपल्या घरची रीत मी नारीन शहरात इतकी वर्षं काढूनही सोडलेली नाही.) तुम्ही ट्रकवाल्याबरोबर पाठवलेला लोकरीचा दोर पोचला. पोरीचं मन रमत नसेल तर तिची वळकटी बांधून ठेव, सुट्टी लागली की कायमची घेऊन जातो, हा निरोपही पोचला. दोर सुरेख वळलाय. निरोपाचं मात्र जरा सविस्तर लिहायला हवं.

सैकाल रडायची, हे खरं आहे. गावच्या शाळेत पहिली येणारी तुमची लेक इथं वरच्या शाळेत आली आणि पहिल्याच चाचणीत गणितात पाचपैकी दोन, म्हणजे नापास, घेऊन बसली. समजलं नाही तर विचारावं की नाही? पण मोठ्या माणसाला प्रश्न करायचा नाही, हे तुम्हीच तिला शिकवलंत, आणि गणिताचे तोकोन मास्तर इतके मोठे (वयानं, आवाजानं आणि भुवयांनी) की त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून मीसुद्धा त्यांना काही विचारत नाही. डोंगरातून आलेली नव्या वर्गातली सगळीच पोरं अशी मुकी. त्यांची वर्गशिक्षिका मी. म्हणजे नापास झाली तर माझी, पास झाली तर मुख्याध्यापकांची.

मुख्याध्यापकांनी मग उपाय काढला. प्रत्येक नव्या मुलाला वरच्या वर्गातला एकेक सांभाळणारा नेमून दिला. काही दिवसांनी मी वसतिगृहात डोकावले, तर धाकट्यानं चहा ओतायचा या आपल्या रिवाजाप्रमाणे नवी पोरं चहा ओतत होती आणि सांभाळणारे आरामात पीत होते. सैकालला विचारलं, "काय गं, काय शिकलीस ताईकडून?" तर म्हणाली, "आत्या, ताईला साखर जास्त लागते." हे ती इतक्या गंभीरपणे म्हणाली की मला रागावताही येईना.

मग मी शेजारणीच्या नातवाचा दोर कापायला गेले, आणि तिथं माझं डोकं चाललं. पोर पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्या पायांना दोर बांधायचा, मोठ्यांनी धावायचं, आणि जो पहिला येईल त्यानं तो कापायचा, म्हणजे पोर त्याच्यासारखं चालतं. म्हटलं, आमची पोरंही पहिलीच पावलं टाकताहेत, फक्त बूट मोठे आहेत. शनिवारी सगळा वर्ग मैदानात उभा केला, वसतिगृहाची कपडे वाळत घालायची दोरी तोडून तुकडे पायांना बांधले (वॉर्डनबाई गावाला गेल्या होत्या) आणि मास्तरमंडळींना धावायला लावलं. "बुरुलबाई, ही शाळा आहे की पाळणाघर?" असं मुख्याध्यापक म्हणाले खरे, पण म्हणताना वाकून नाड्या आवळत होते.

पहिली आली स्वयंपाकीण अनारकान. ती स्पर्धेत नव्हतीच, जेवायला चला म्हणून सांगायला येत होती. मुख्याध्यापक धापा टाकत दुसरे. तोकोन मास्तर पंपाजवळच्या बर्फावर आपटले, उठले आणि पुन्हा आपटले. मोठ्यांना हसायचं नाही म्हणून पोरं गाल फुगवून उभी. शेवटी मास्तर स्वतःच बसल्या जागी हसायला लागले, तेव्हा कुठं सगळ्यांचा श्वास सुटला. अनारकान सुरी घेऊन एकेकाची दोरी कापत सैकालपाशी आली, तर ही मागं सरकली.

"मावशी, रागावू नका. माझी मास्तरांनी कापावी."

"अगं, मी शेवटचा आलोय," मास्तर म्हणाले.

"दोनदा पडलात, तरी आलातच की."

मास्तरांनी अनारकानच्या हातून सुरी घेतली आणि गुडघा धरत खाली वाकले.

सोमवारी गणिताच्या तासाला तिनं हात वर केला. म्हणाली, समजलं नाही. मास्तरांच्या भुवया वर गेल्या, खाली आल्या, आणि त्यांनी पुन्हा समजावलं. तिनं पुन्हा हात वर केला. मग मागच्या बाकावरूनही एक हात वर आला. मी दाराबाहेर उभी राहून रडले, दादा, लपवत नाही. परवा तिला पाचपैकी तीन मिळाले. तीन म्हणजे काही फार नाही, पण ते तिचे आहेत.

वहिनींना नमस्कार, घोडीला गूळ.

तुमची,
बुरुल

ता. क. सैकाल आता रडत नाही, असं मी वर कुठंही लिहिलेलं नाही. घरून फोन आला की रडते. मग दोन वाट्या सूप पिते.

आणखी एक. सुट्टीत जरूर या, तिला घरी न्या, पोटभर खाऊ घाला. तिची वळकटी मात्र इथंच राहील. एवढंच सांगायला हे लांबलचक पत्र लिहिलं. येताना मेंढीची चरबी आणा, मास्तरांच्या गुडघ्याला हवी आहे.

शेवटचं. दोर परत मागू नका. निरोपासकट मी तो सैकालच्या हातात दिला होता, म्हटलं, तूच ठरव. त्याच संध्याकाळी गावाहून परत आलेल्या वॉर्डनबाई तोडलेल्या दोरीवरून माझ्या नावानं ओरडत अंगणात गेल्या, तर तिथं दोन खांबांना तुमचा दोर ताणून बांधलेला आणि त्यावर सगळ्या वसतिगृहाचे कपडे. काढायचा प्रयत्न मी करून पाहिला. गाठ सुटत नाही. घोडी बांधायला तुम्हीच सैकालला शिकवलेली आहे.