कारिनची डबी

क्रेगीबर्न, मेलबर्न
१० नोव्हेंबर २०२४

ती. यामिनीताई यांस,
सा. न. वि. वि.

फोनच करणार होते. पण गाडीत बसले की माझा फोन आपोआप स्पीकरवर लागतो. मागच्या वेळी अवधूतच्या पोटाच्या घेराबद्दल तुम्ही जे बोललात ते त्याने आणि स्पृहाने दोघांनी ऐकलं, आणि पोरगी अजून हसते आहे. म्हणून हे मेलवर पत्र.

बातमी अशी, की तुमच्या भावाने ती अमेरिकन तंबाखू सोडली. पेढे वाटायचे सोडून ही बाई पत्र का लिहिते आहे, असं तुम्हाला वाटेल. ह्यूस्टनच्या नोकरीत लागलेली ती सवय माझ्या संसारात पहिल्या दिवसापासून आहे. खालच्या ओठात बार भरायचा आणि बाटलीत थुंकत राहायचं. ती बाटली गाडीत, टीव्हीजवळ, कुठेही. स्पृहाने एकदा ती कोक समजून उचलली होती, तेव्हा मी घर येईपर्यंत रडत होते. चौदा वर्षं मी सांगितलं. गोडीने सांगितलं, शपथा घातल्या, अबोला धरला. दरवेळी तो हो म्हणाला आणि दरवेळी नवी डबी आली.

आता त्याच्या ऑफिसात, रेल्वे सिग्नलच्या विभागात, कारिन म्हणून एक स्वीडिश बाई आली आहे. पन्नाशीची आहे, पण वयावरून मला समजवायला जाऊ नका, मला काही फरक पडत नाही. तिने चहाच्या सुट्टीत त्याला सांगितलं, की आमच्याकडची तंबाखू, म्हणजे स्नूस, वरच्या ओठाखाली ठेवतात आणि थुंकावं लागत नाही. झालं. संध्याकाळी घरी येऊन त्याने बाटल्या फेकून दिल्या. माझी चौदा वर्षं आणि तिची एक चहाची सुट्टी.

त्यातही दोन तऱ्हा आहेत. एक तयार पांढऱ्या पुड्या, ओठाखाली ठेवल्या की काम झालं. दुसरी जुन्या पद्धतीची, सुटी, ओल्या मातीसारखी काळी, ती बोटांनी दाबून गोळी करावी लागते. इथे दुकानात मिळत नाही, कारिन ड्यूटी भरून पोस्टाने मागवते. नवशिक्याने पुड्याच घ्याव्यात असं तीही म्हणाली. पण ह्याने सुटी निवडली. ती गार ठेवावी लागते, म्हणून डबी माझ्या फ्रिजमध्ये, विरजणाच्या वाटीला टेकून.

शनिवारी आमच्याकडे बार्बेक्यू होता. कारिन डेकवर त्याला गोळी करायला शिकवत होती आणि त्याचा अंगठा धरून धरून सुधारत होती. मी पनीर उलटत होते. कुणीतरी विचारलं, हीच का निवडली? तेव्हा त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, की लहानपणी तो बाबांना रोज संध्याकाळी तंबाखू मळून द्यायचा, आणि बाबा दुसऱ्या कुणाच्या हातची घ्यायचे नाहीत. कारिनने ताटली खाली ठेवली. तिचे डोळे भरून आले होते.

ताई, हे मला त्याने कधीच सांगितलं नव्हतं. मला ते कारिनबरोबर कळलं, हातात चिमटा असताना.

जळफळाट होतोय माझा, सरळच सांगते. माझ्या शब्दाखातर त्याने आयुष्यात एकदा तरी काहीतरी सोडावं, एवढंच मला हवं होतं. तुम्ही त्याला लहानपणापासून ओळखता. मी काय समजायचं ते सांगा.

राजीवरावांना नमस्कार, विहानला आशीर्वाद. लोभ आहेच, सध्या त्यातला भावाचा वाटाही माझ्याकडे वळवावा.

आपली,
मीनाक्षी


कॅसल हिल, सिडनी
१३ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मीनाक्षी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचायला घेतलं तेव्हा मी हसत होते. विरजणाशेजारी तंबाखू, हे राजीवनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, दह्याला काय चव येते ते कळव. विहानच्या परीक्षेमुळे घरात सगळे दबक्या आवाजात बोलतो, त्यात हे एक बरं झालं, असं मनात म्हणत होते. मग ते बार्बेक्यूचं वाचलं आणि माझं हसू गेलं.

बाबांना तंबाखू मी मळून द्यायचे. अवधूत नाही, मी.

तुला नीटच सांगते, कारण आता मलाही राहवत नाही. बाबा कराडला एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. घरी यायचे तेव्हा दोन्ही हात ऑइलने काळे झालेले असायचे. पण हात धुण्याआधी त्यांना तंबाखू लागायची. म्हणून ती माझ्या तळहातावर. मी चुना किती घ्यायचा ते शिकले, अंगठ्याने मळायला शिकले, टाळी देऊन भुकटी उडवायला शिकले. आई ओरडायची, पोरीच्या हाताला वास येतो म्हणून. बाबा पायरीवर बसून तोंड उघडायचे आणि मी बार ठेवायचे. मग ते डोळे मिटायचे. दिवसभरात त्यांनी मला दिलेला तेवढाच वेळ, आणि त्यातही ते बोलायचे नाहीत. पण तो माझा होता. अवधूतचं काम साबण आणि बादली आणायचं. तो आणायचा, ठेवायचा आणि खेळायला जायचा.

तू कारिनवर जळतेस, मी माझ्या भावावर जळते आहे. ह्या वयात, ब्लड प्रेशरची गोळी घेऊन. त्याने घर घ्यावं, गाडी घ्यावी, माझ्या डोहाळजेवणाचे फोटो घेऊन जावेत, मी काही बोलले नाही. पण हे त्याने घ्यायचं नव्हतं. आणि दिलं कुणाला, तर एका परक्या बाईला, बार्बेक्यूच्या धुरात.

तू काय समजायचंस ते मला विचारू नकोस, माझं डोकं ठिकाणावर नाही. त्याला वेगळं पत्र लिहिलं आहे, त्यात आशीर्वाद घातलेले नाहीत.

स्पृहाला पापा. तुझ्यावर माया होतीच, आता आपण दोघी एका बाजूला आहोत म्हणून थोडी जास्त.

तुझी,
यामिनीताई


क्रेगीबर्न
२४ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र चार ओळींचं, पण चटका बसला. उत्तर द्यायला उशीर केला कारण काय लिहू ते सुचत नव्हतं.

तू म्हणतेस मी खेळायला जायचो. नाही गं. मी कोपऱ्यावर जाऊन थांबायचो आणि बघायचो. मला तुझा इतका राग यायचा, की एकदा मी तुझी चुन्याची डबी विहिरीत टाकली. तू ती आठवडाभर शोधलीस. बाबांनी तुला नवी आणून दिली, म्हणजे त्यातही तुझाच फायदा झाला.

तुझं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा पायरीवर येऊन बसले. मी आधीच सगळं घेऊन तयार होतो. मळली, टाळी दिली, तोंडात ठेवली. त्यांनी दोनदा चावली आणि थुंकून टाकली. काही बोलले नाहीत, बादली आण एवढंच म्हणाले. मग हळूहळू त्यांची तंबाखू सुटली. आई सगळ्या गल्लीत सांगत होती, यामिनी गेली आणि ह्यांची तंबाखू सुटली. त्यांनी सोडली तीही तुझ्यामुळे.

त्या दिवशी डेकवर बोटांना ती ओली तंबाखू लागली आणि तोंडातून निघून गेलं. कारिनला काय, तिला कराड माहीत नाही आणि तू माहीत नाहीस. तिच्याशी खोटं बोलणं सोपं होतं. ती हळवी झाली तेव्हा मला खरंच वाटलं, की असं झालं असतं तर बरं झालं असतं. मीनाक्षीला कधी सांगितलं नाही कारण तिला खरंच सांगावं लागलं असतं, आणि ते खरं म्हणजे ती थुंकलेली चिमूट.

कारिनला सोमवारी सांगतो, की ते माझ्या बहिणीचं होतं. हे पत्र आधी मीनाक्षीला वाचायला देणार आहे. रागावलेली असलीस तरी माझ्या नावाचा लोभ बंद करू नकोस, मला तो दुसरीकडे कुठे मिळत नाही.

तुझा,
अवधूत


क्रेगीबर्न
८ डिसेंबर २०२४

ती. यामिनीताई यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा आधी मला बरं वाटलं, की कारिनला मिळालं ते खोटं होतं. ते बरं वाटणं एक दिवस टिकलं. मग वाटलं, खोटं का होईना, सांगावंसं तिलाच वाटलं. माझा स्वभाव असा आहे, काय करू.

मग त्याने तुम्हाला लिहिलेलं मला वाचायला दिलं. मी वाचत असताना तो भांडी घासत होता, डिशवॉशर असूनही. वाचून झाल्यावर मी पत्र ओट्यावर ठेवलं. तेव्हा त्याने फ्रिजमधून डबी काढली, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, की आता तू करून दे. मळायची नसते, नुसती दाबायची.

ताई, ज्या जागेसाठी मी इतके दिवस जळत होते ती जागा त्याने आपणहून पुढे केली. मी चिमूट घेतली. पहिली गोळी चुरली. दुसरी जमली. तो माझ्या हाताकडे असा बघत होता, की मला तुमची पायरी कळली. फार गोड वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि त्या गोडीचीच मला भीती वाटली. उद्यापासून मी हे हौसेने करून देईन, कारिनपेक्षा छान करून देईन, आणि ही तंबाखू माझ्या घरातून कधीच जाणार नाही, हे मला तिथल्या तिथे दिसलं.

मी मूठ मिटली. त्याला म्हणाले, "माझ्या हातची तुला मिळणार नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या हातची घेतलेली मला चालणार नाही."

तो हसला, मग हसायचा थांबला. माझ्या मुठीकडे त्याने बघितलं. हाताला झोंबतंय का, म्हणाला. झोंबत होतं, पण मी नाही म्हणाले. मग त्याने स्वतः उठून डबी बाहेर लाल झाकणाच्या कचऱ्याच्या बिनमध्ये टाकली आणि माझ्यासाठी साबण घेऊन आला.

तेव्हापासून घरात बोलायची सोय नाही. चहा पातळ, मोजे हरवले, वायफाय मंद, सगळ्याला मी जबाबदार. स्पृहा म्हणाली, 'डॅड इज सो क्रँकी, कॅन ही प्लीज हॅव हिज थिंग बॅक?' मी तिला माइलो करून दिलं आणि गप्प केलं. कारिनने मेसेज करून कळवलं, की ऑफिसात तिने डबी पुढे केली तर अवधूत नको म्हणाला, आणि तुमच्याबद्दलही त्याने तिला खरं सांगितलं. तिथे तो अगदी शांत, हसतमुख असतो, असंही तिने लिहिलं आहे.

म्हणजे तिला हसू मिळतं आणि सगळा राग घरी येतो. तो तंबाखू माझ्यासाठी सोडतो आहे म्हणूनच राग माझ्यावर येतो. ह्यातला कणभरही मी तिला देणार नाही, ताई, आणि रागावू नका, पण तुम्हालाही नाही.

बाकी जो काही लोभ आहे, त्यात तुमचा हिस्सा कायम आहे.

आपली,
मीनाक्षी